शिष्य की गुरुबंधू?
('स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना)

काही शब्द भाषेत इतके मुरलेले असतात की, त्यांचा अर्थ आपणास ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. आणि कोणी साधा प्रश्न विचारला म्हणजे मात्र गडबडून जातो. 'शिष्य' हा असाच एक शब्द. आमच्या बीड जिल्ह्यात तर तो परका वाटण्याचे कारणच नाही. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात, आणि गुरूने सांगावे व शिष्याने पुसावे अशीच त्या ग्रंथाची ठेवण आहे. दत्तात्रेयास गुरू मानून अपार ग्रंथरचना करणारे आणि पासोडीवर 'पंचीकरण' लिहून ठेवणारे दासोपंतही याच गावचे. अशा भूमीत अध्यापन करणाऱ्या माणसाने शिष्यत्वाविषयी अडखळावे, हे जरा लाजिरवाणेच. तरी मी अडखळलो खरा.

गेल्या वर्षी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तील काही भाग वर्गात शिकवीत होतो. तास संपत आला असता मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, ''सर, लक्ष्मीबाई टिळकांच्या शिष्या झाल्या म्हणून ख्रिस्ती झाल्या, की ख्रिस्ताच्या शिष्या झाल्या म्हणून?'' त्या काळच्या पतिव्रताधर्माविषयी चार वाक्ये बोलून मी वेळ मारून नेली. घंटा झाली, मुली गेल्या; पण उत्तर निसटले आहे ही जाणीव काही गेली नाही. म्हणून ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास घेतला. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रश्न एका कुटुंबापुरता नाही. 'दुसऱ्यास शिष्य करणे' हे शब्द उच्चारताच आज आपल्या कानांस त्यांत लोभ, सक्ती किंवा संख्यावाढ यांचा वास येतो. दुसऱ्या बाजूस, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवटच मुळी या आज्ञेने झाला आहे: सर्व राष्ट्रांत जा आणि लोकांस शिष्य करा. जो ख्रिस्ताचा म्हणवितो त्यास ही आज्ञा टाळता येत नाही. परंतु महाराष्ट्रात याच्या नेमका उलट वाटणारा एक अभिप्राय तीन शतकांहून अधिक काळ घरोघर गायिला जात आहे. उपदेश पावसासारखा सर्वांवर सारखा पडावा, पण गुरूने शिष्य करू नये, असे तुकोबांचे सांगणे आहे. आता गंमत अशी की, ज्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची आज्ञा शिरोधार्य मानली, तेच टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत असत. पूल म्हणतो शिष्य करू नकोस. पैलतीर म्हणतो शिष्य कर. या दोहोंमध्ये उभ्या असलेल्या माणसाने काय केले? माझ्या मते 'स्मृतिचित्रे' हा मराठीत या प्रश्नास मिळालेला सर्वांत प्रामाणिक जबाब आहे. तो एका ईश्वरशास्त्रज्ञाने दिला नसून स्वयंपाकघरात वावरणाऱ्या एका गृहिणीने दिला आहे, हे त्याचे भाग्यच म्हटले पाहिजे.

टिळकांचा वृत्तांत सुशिक्षित वाचकांस सामान्यतः ठाऊक असतो. म्हणून तो थोडक्यात आटोपतो. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्म. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी, म्हणजेच आपल्या लक्ष्मीबाईंशी विवाह. मग एका ठिकाणी न टिकणारी भ्रमंती, नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम, आणि धर्मविचाराने पेटलेले मन. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटले, बोलणे झाले आणि त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराचे पुस्तक ठेवले. टिळक ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन खिळले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगात एक तपशील आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आगगाडीतील ते गृहस्थ कोण, हे टिळकांस पुढे कधीच कळले नाही. ज्याने महाराष्ट्रास त्याचा सर्वांत मोठा ख्रिस्ती कवी मिळवून दिला, त्याला आपल्या कामाचे फळ पाहावयास मिळाले नाही, की त्याच्या नावावर एक शिष्य जमा झाला नाही. तो आला, वाटेत एक ग्रंथ देऊन गेला. तुकोबांनी पावसाचा दृष्टांत दिला तो याहून निराळा काय आहे? टिळकांच्या शिष्यत्वाचा आरंभच असा निनावी हाताने व्हावा, यांत मला पुढील सर्व कथेचे बीज दिसते.

परंतु बीज दिसले म्हणजे पीक आले असे नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी टिळक स्वतः शिष्य झाले होते. दुसऱ्यास बरोबर कसे घ्यावे हे मात्र त्यांना मुळीच साधले नव्हते. ज्या पत्नीच्या आयुष्याची या एका कृत्याने उलथापालथ व्हावयाची होती, तिला विश्वासात न घेता त्यांनी पाऊल टाकले. लक्ष्मीबाईंस ही वार्ता आडवाटेने, आप्तांच्या मार्फत कळली. पदरी लहान मुलगा, माहेर-सासरच्या दोन्ही कुळांत हाहाकार, आणि नवरा जिवंत असूनही संसार नाही, अशा स्थितीत त्यांनी पुढील काही वर्षे नातलगांच्या आधाराने काढली. त्यांतील काही काळ तर प्रत्यक्ष पंढरपुरात. दुःखाने शरीर खंगले, मनाचा तोल जाण्याची वेळ आली. ही प्रकरणे वाचताना आजही गळा दाटून येतो.

टीकाकाराने येथे थांबून स्पष्ट बोलले पाहिजे. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांकडून आईबाप, बायकामुले यांच्याहूनही अधिक निष्ठेची मागणी केली, ही गोष्ट खरी. आणि टिळकांचे चाहते या ठिकाणी तिचा आधार घेतात. परंतु मागणी शिष्याकडे होती. त्याने स्वतःचा वधस्तंभ उचलावयाचा होता. तो न विचारता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवावा, अशी आज्ञा कोठेही नाही. १८९५ साली सत्यनिष्ठेची किंमत टिळकांनी दिली हे निर्विवाद, पण तिचा मोठा हप्ता लक्ष्मीबाईंनी भरला. हा दोष झाकून टिळकांची थोरवी वाढत नाही. उलट, तो उघडा ठेवूनही जी थोरवी शिल्लक राहते तीच खरी, असे 'स्मृतिचित्रां'ची लेखिका समजते. म्हणूनच ती काही लपवीत नाही आणि कशाबद्दल सूडही उगवीत नाही. रडता रडता ती मध्येच स्वतःलाच हसते, आणि वाचकाला कळेनासे होते की डोळ्यांतील पाणी कोणत्या कारणाचे आहे.

पुढे पतिपत्नी नगर जिल्ह्यात एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. वेगळी चूल, सोवळेओवळे, विटाळाचा धाक हे सारे बरोबर आले. आता मात्र टिळक बदललेले दिसतात. एरवी क्षणात भडकणारा, क्षणात विरघळणारा हा उतावळा पुरुष या एका बाबतीत थांबण्यास शिकला होता. पत्नीच्या आचारास त्यांनी धक्का लावला नाही. ख्रिस्ती मंडळीत मान असलेल्या, धर्मशिक्षण देणाऱ्या माणसाच्या घरात शिवाशीव पाळली जात आहे, हे लोकांस विचित्र दिसत असले पाहिजे. टिळकांनी ते विचित्र दिसणे पत्करले. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातील ही सर्वांत कठीण तपश्चर्या असावी. कारण बोलून पटविण्याचे सामर्थ्य ज्याच्या जिभेवर आहे, त्याने न बोलणे हे मुक्याच्या मौनाहून फार अवघड.

आणि मग जे घडले ते टिळकांच्या वक्तृत्वाने घडलेच नाही. लक्ष्मीबाईंची पहिली बेडी तुटली ती जातीची, आणि ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने तुटली. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी घातला, आपल्याच साध्या, घरगुती तर्काने सोडविला, आणि एकदा उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास मागेपुढे पाहिले नाही. येथे ना वादविवाद, ना ग्रंथप्रामाण्य. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतलेल्या बाबांचा मार्ग वाचनाचा, तुलनेचा, शंकासमाधानाचा आहे. तो इंग्रजी शाळेतून गेला. लक्ष्मीबाईंचा मार्ग पाणवठ्यावरून आणि चुलीवरून गेला. दोन्ही मार्ग खरे. परंतु दुसऱ्या मार्गाचा इतका तपशीलवार आलेख मराठीत त्यापूर्वी कोणी काढला नव्हता. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या आग्रहास मान तुकवून नव्हे. तोवर आग्रह थांबलेला होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या शिष्या झाल्या काय? उत्तर ग्रंथाच्या पानापानांत आहे, आणि ते घटनांपेक्षाही लेखनाच्या स्वरात अधिक आहे. शिष्याने लिहिलेली गुरुचरित्रे आपल्या भाषेत थोडी नाहीत. त्यांचा स्वर एकच असतो: गुरू कधी चुकत नाही, आणि चुकला तर ती लीला असते. लक्ष्मीबाईंच्या लेखनात लीला शोधूनही सापडत नाही. घरात दाणा नसता खिशातील पैसा दुसऱ्यास देऊन परतणारे, रागाच्या भरात नको ते बोलून मागाहून लहान मुलासारखे ओशाळणारे, जेवणाचे भान नसलेले टिळक त्या आपल्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे उभे करतात. त्या त्यांच्याशी भांडतात, त्यांची फजिती करतात, त्यांच्यावाचून क्षणभर राहू शकत नाहीत. पण त्यांची पूजा करीत नाहीत. जिने पतीस गुरू मानले असते तिच्या लेखणीतून असे पुस्तक उतरलेच नसते.

याचा उलगडा मला पुन्हा मत्तयाच्याच शुभवर्तमानात सापडला. ज्या ग्रंथात 'शिष्य करा' ही आज्ञा आहे, त्याच ग्रंथात आधी काही अध्याय ख्रिस्ताने शिष्यांस बजावून ठेवले आहे की, तुम्ही स्वतःस गुरू म्हणवून घेऊ नका; तुमचा गुरू एक आहे आणि तुम्ही सर्व भाऊ आहात. पहिली आज्ञा दुसरीवाचून वाचली की संप्रदाय उभा राहतो आणि माणसे मोजली जाऊ लागतात. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे अर्थ पालटतो. शिष्य करावयाचा तो आपला नव्हे. आपण ज्याच्या पायाशी बसलो, त्याच्या पायाशी दुसऱ्यास जागा करून द्यावयाची आणि आपण थोडे सरकून बसावयाचे. यास आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे: गुरुबंधू. दुसऱ्यास शिष्य करणे म्हणजे आपणास एक गुरुबंधू मिळविणे. हा अर्थ घेतला तर तुकोबांचा नकार आणि ख्रिस्ताची आज्ञा यांत विरोध उरत नाही. गुरूने शिष्य करू नये, पण शिष्याने सोबती अवश्य मिळवावा. लक्ष्मीबाई टिळकांच्या शिष्या नव्हत्या. त्या त्यांच्या गुरुभगिनी झाल्या. 'स्मृतिचित्रां'चे इंग्रजी भाषांतर १९५० साली 'आय फॉलो आफ्टर' या नावाने प्रसिद्ध झाले. नाव मोहक आहे खरे, पण पतीच्या पाठोपाठ चालणारी स्त्री असा त्याचा अर्थ कोणी घेईल तर तो ग्रंथावर अन्याय होईल. ती ज्याच्या मागे चालली त्याच्याच मागे टिळकही चालले होते. कधी ते चार पावले पुढे, कधी त्या.

याची साक्ष टिळकांच्या घरानेही दिली आहे. दुष्काळ आणि प्लेग यांच्या दिवसांत निराधार मुलांना या घराने थारा दिला. आलागेला, भुकेला, वेडाविद्रा यांची वर्दळ कधी संपली नाही. त्या वर्दळीतले सर्वांत लाडके नाव म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली ते ठोमरे पुढे नगरास टिळकांच्या घरी राहिले. कवितेत टिळक त्यांचे मार्गदर्शक. लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरात त्यांचे पान बाजूस मांडले गेले असे 'स्मृतिचित्रां'त कोठेही दिसत नाही. संख्येचा हिशेब ठेवणाऱ्या प्रचारकास हे अपयश वाटेल. मला तर टिळकांच्या शिष्यत्वाची ही कसोटीच वाटते. कारण ज्याच्यापासून धर्माच्या खात्यात काही जमा होणार नाही त्याच्यावर केलेले प्रेम, एवढेच शंकेच्या पलीकडचे असते.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारी नोकरीचा त्याग केला आणि साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यांत यावेत, परदेशी पैशाचा आणि परदेशी वेषाचा त्यास स्पर्श नसावा, अशी त्यांची कल्पना होती. घरात जे ठोमऱ्यांच्या बाबतीत सहज घडले, तेच समाजाच्या पातळीवर घडवावे असा हा प्रयत्न होय. ख्रिस्ती मंडळींतील अनेकांस तो रुचला नाही, आणि ९ मे १९१९ रोजी टिळक वारल्यावर तो टिकला नाही. त्यांचे चाहते मृत्यूस दोष देतात. माझा तर्क निराळा आहे. घर माणसांच्या सहवासावर चालते, दरबारास राजाचा प्रतिनिधी लागतो; आणि कितीही नको म्हटले तरी त्या जागी टिळक स्वतःच बसले. सारे एका माणसाच्या तेजाभोवती गोळा झाले होते. म्हणजे जे गुरुपण टिळकांना नको होते, तेच लोकांनी त्यांच्या गळ्यात घातले. आपल्या देशात हे फार लवकर होते. येथे गुरुबंधू होऊ पाहणाऱ्यास गुरू करून टाकण्याची आपणा सर्वांस खोड आहे.

'स्मृतिचित्रे' हा निर्दोष ग्रंथ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. १९३४ ते १९३६ या काळात तो चार भागांत प्रसिद्ध झाला. पहिल्या भागांची घट्ट वीण अखेरपर्यंत टिकत नाही. प्रार्थनेचे, आंतरिक साधनेचे वर्णन जवळजवळ नाही. लेखिका तेथे दार लोटून घेते. हा संकोच मला आवडतो, तरी जिज्ञासूची निराशा होते. याहून गंभीर उणीव दुसरी आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतून आलेला. आमच्या आष्टी-पाटोद्याच्या शिवेपलीकडील खेड्यांतून ही वस्ती होती. त्यांच्या दृष्टीने शिष्य होणे म्हणजे काही सोडणे नव्हते, तर प्रथमच माणूस म्हणून बसावयास जागा मिळणे होते. आणि त्यासाठी त्यांनी गावगाड्याचा जो रोष सोसला, त्याची जात निराळी. ब्राह्मण कुटुंबाच्या या कथेत ती माणसे येतात, प्रेमाने येतात, परंतु बहुधा दुरून. लक्ष्मीबाईंनी जे पाहिले ते लिहिले. जे आतून जगल्या नाहीत त्याचा आव आणला नाही. तेव्हा हा दोष लेखिकेचा म्हणण्यापेक्षा ग्रंथाच्या दृष्टीची मर्यादा समजावी. तथापि शिष्यत्वाचे संपूर्ण चित्र याच एका पुस्तकात आले आहे, असे वाचकाने समजू नये.

टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' रचावयास घेतले होते. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले. ज्या बाईला लग्नानंतर घरीच अक्षरओळख झाली, जिचे शिक्षण शाळेत असे झालेच नाही, तिने ते काम पुढे नेले. गुरूचा ग्रंथ शिष्य फार तर जपून ठेवतो, त्यावर भाष्य लिहितो. अपुऱ्या राहिलेल्या कामाला खांदा लावतो तो सोबती. माझ्या सगळ्या विवेचनाहून ही एक गोष्ट अधिक बोलकी आहे.

शेवटी थोडे स्वतःविषयी. तीस वर्षे शिकविल्यावर 'हे माझे विद्यार्थी' असे म्हणण्याची जिभेस सवय लागते. तरुणपणी एका विद्यार्थ्याने माझ्या आवडत्या कवीविषयी माझ्या मताच्या विरुद्ध निबंध लिहिला होता. निबंध चांगला होता. मी गुण कमी दिले. त्याने तक्रार केली नाही. पुढच्या निबंधात निमूटपणे माझेच मत मला परत लिहून दिले, आणि मी संतुष्ट झालो. त्या दिवशी मला एक शिष्य मिळाला आणि साहित्याने एक वाचक गमावला. 'स्मृतिचित्रे' वाचताना तो मुलगा मला वारंवार आठवला.

शिष्य या शब्दात 'शास्' धातू आहे, असे व्याकरण सांगते. ज्यास शिकवावयाचे, वळण लावावयाचे, तो शिष्य. टिळक-दांपत्याची कथा सांगते की, वळण प्रथम लागावे लागते ते सोबत नेणाऱ्यास. नव्या वर्षाचा वर्ग सुरू झाला की तो धडा पुन्हा येईल. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता त्या बाकावर नसेल. तिला द्यावयाचे उत्तर मी येथे लिहून ठेवले आहे; ते तिला पटावेच असा माझा आग्रह नाही.